लेकीच्या दारचा काळा बर्फ

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक विचारतो. घाबरू नका, वर्गणीचं नाही! आत्ता आरती झाली. धूप जाळलात. त्याचा धूर कुठं गेला?

— देवाकडं!

वा! काय आवाज आला! पहिल्या रांगेतल्या काकू तर अशा बोलल्या, जणू स्वतः पोचवून आल्यात! बरं. चिमूटभर उदाचा धूर देवळाच्या छपरातून निघतो, ढग ओलांडतो आणि थेट वैकुंठात देवाच्या नाकाशी हजर होतो. मान्य! मग घरामागं उकिरड्यावर तुम्ही प्लास्टिकच्या पिशव्या पेटवता, त्यांचा धूर कुठं जातो?

...गप्प झालात!

कुणी म्हणेल, "महाराज, तो आपला जातो हवेत." हवेत म्हणजे कुठं? उदाच्या धुराला देवाचा पत्ता ठाऊक, आणि पिशवीचा धूर तेवढा बेवारस? तर आजचा सवाल हा, मंडळी — आपल्या हातून निघालेलं कर्म आपल्याला दिसेनासं झालं, म्हणजे ते संपलं का?

ऐका.

सांगलीकडं, खानापूरच्या माळावर एक गाव. करंजओढे. त्या बाजूच्या माणसांचा जुना धंदा गलाईचा. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. माळावर पूर्वी पाणी नाही, पीक नाही, म्हणून ही माणसं धातू वितळवायची मूस आणि चिमटा घेऊन देशभर पांगली. कुठंही जा, सोनाराच्या गल्लीत एखादं बारकं दुकान असतं, आत भट्टी असते आणि भट्टीशेजारी बसलेला माणूस तुम्हाला विचारतो, "कुठल्या गावचं, पाव्हणं?"

त्यातलाच एक हिंदुराव शेळके. उभी हयात परमुलखात गलाईत गेली. आणि गलाईवाल्याची एक रीत ऐका, कारण सगळं आख्यान त्या रीतीवर उभं आहे! हा माणूस काही म्हणजे काही वाया जाऊ देत नाही. सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घेतो. केरात सोनं असतं! सोनारानं हात धुतलेलं पाणी घेतो. त्यात सोनं असतं! आणि वर्षातून एकदा स्वतःच्या भट्टीचं धुरांडं आतून खरवडतो. का? तर धुराबरोबर सोन्याचा कण वर उडतो आणि काजळीत चिकटून बसतो. हिंदुराव तर त्यातला वस्ताद. काजळीचं बोट जिभेला लावायचा आणि सांगायचा, "ही आपल्या भट्टीची न्हाई. शेजारच्याची हाय. त्यो कोळसा ओला वापरतोय." शेजारी येऊन पाया पडायचा!

म्हणजे धुरातनं गेलेलं कुठं तरी जाऊन बसतं, हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल, तर ते हिंदुरावाला. हे ध्यानात ठेवा. मी पुढं जातो.

बायको गेली. एकुलती लेक शालन, तिचं लग्न करून दिलं. जावई अधिकराव, तोही गलाईवाला, दुकान कुठं? हिमालयाच्या पोटात! नदीकाठचं बाजाराचं गाव, वर बर्फाचा डोंगर. गावाचं नाव सांगत नाही, तुम्ही लगेच तिकिटं काढाल आणि माझं कीर्तन ओस पडेल. लेक सासरी गेली आणि हिंदुराव गावी परतला. तोवर माळावर कालव्याचं पाणी आलं होतं. यानं ऊस लावला, गुऱ्हाळ घातलं. म्हणायचा, "जलमभर लोकांचं पिवळं वितळवलं, आता आपलं पिवळं वितळवू!" आणि गूळ असा काढायचा, मंडळी, की ढेप फोडली तर आत तोंड दिसावं!

गुऱ्हाळ म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. खाली चुलवण, वर काहील, काहिलीत रस. आणि गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकामा परत जात नाही. वाटसरू असो, वैरी असो — रस घ्या, काकवी घ्या, गरम गुळाचा गोळा घ्या! हिंदुराव या बाबतीत दिलदार. पण जाळ घालायचा कशानं? उसाची चिपाडं ओली असली की नुसती धुमसतात. मग कुणी तरी सुचवलं, जुनी टायरं आणा. फाटक्या चपला आणा. एक टायर चुलवणात गेलं, की जाळ असा फुरफुरतो, रस असा उकळतो, की बघत राहावं!

आणि धूर? काळा! म्हशीच्या पाठीसारखा!

गावातल्या बायका चिडल्या. दोरीवर धोतर वाळत घातलं की संध्याकाळी त्याचं घोंगडं व्हायचं. कुरडया काळ्या, लेकरांची नाकं काळी. एका आजीनं तर भर रस्त्यात हिंदुरावाला अडवलं. "का रं हिंदुराव, तुझा रस गावाला फुकट, तसा धूर बी फुकटच वाटायलायस व्हय?"

हिंदुराव ओशाळला. माणूस वाईट नव्हता हो. वाईट माणसाचं आख्यान सोपं असतं, त्याला शेवटी नरकात ढकललं की आपण जेवायला मोकळे. हा चांगला होता. म्हणून अवघड आहे!

गावची बैठक बसली. सरपंच म्हणाले, "टायरं बंद करा."

हिंदुराव म्हणाला, "करतो. पर मग गूळ उतरायला दुप्पट वेळ लागंल. तुमच्या सगळ्यांचा ऊस माझ्याकडंच येतोय. शेवटच्याचा ऊस फडात वाळंल. सांगा, शेवटी कोण थांबनार?"

जो तो शेजाऱ्याकडं बोट दाखवायला लागला. मग त्यातल्या एका हुशारानं तोड काढली. प्रत्येक गावात एक असतो. इथंही आहे, मी बघतोय तिकडंच! तो म्हणाला, "धुरांडं उंच करा की! गावाच्या डोक्यावरनं धूर जाऊ द्या. ना ऱ्हायला धूर, ना ऱ्हायली तक्रार!"

टाळ्या! ठराव! धुरांडं चढायला लागलं. किती चढलं? ऐकाल तर खोटं म्हणाल. त्याच्या टोकावर एका कावळीनं अंडं घातलं. पिल्लू निघालं, उडायला शिकलं, खाली यायला निघालं आणि जमिनीवर टेकलं तेव्हा त्याला नातवंडं झाली होती! हसू नका. मी कावळ्याला भेटलोय, दमला होता बिचारा.

आणि गाव एकदम लख्ख! धोतर पांढरं, कुरडई पांढरी, आभाळ निळं. गावानं हिंदुरावाला शाल दिली, नारळ दिला. फेटा बांधून हिंदुराव वर बघतोय. तिथं टोकावरून काळी रेघ निघालीय आणि उत्तरेकडं चाललीय. लांब, लांब, आणि मग दिसेनाशी.

कुणी म्हणालं का, "हिंदुराव, तू गलाईवाला, तू सांग, ती रेघ कुठं जाऊन बसणार?"

कुणी नाही! आणि हिंदुरावानं स्वतःला विचारलं? अहो, धुरातून सोनं गेलं, तर हा माणूस खराटा घेऊन मागं लागायचा. धुरातून पाप गेलं, तर म्हणाला — गेलं! संपलं! एक ओळ म्हणतो, माझ्याच पदरची आहे, कुणा संताच्या माथी मारत नाही:

वर गेले ते सरले म्हणुनी गाव निवांत निजेले ।
लेकीच्या परि दारावरती काजळ होउन आले ॥

हां! आलं बरं का. लेकीला माहेराहून दोन गोष्टी जायला लागल्या. गुळाची ढेप ट्रकनं, आणि धूर वाऱ्यानं. ढेप कधी वाटेत फुटायची, उशिरा पोचायची. धूर कधी चुकला नाही!

दोनेक हंगाम गेले. एके दिवशी शालनचा फोन. "आबा, हिकडं बर्फ काळा पडायलाय."

हिंदुराव हसला. "काळा बर्फ? अगं, दिष्ट लागू नये म्हनून देवानं डोंगराला तीट लावली आसंल!"

"चेष्टा न्हाई आबा. वरचा डोंगर आदी दुधावानी दिसायचा. आता राख सांडल्यावानी दिसतोय. आन् वितळाय बी लागलाय. डोंगराच्या पोटाशी पान्याचं तळं साचलंय. इथली म्हातारी मानसं म्हनत्यात, आमी असं कधी बघितलं न्हाई."

आता काळा झाला तर वितळतो का, असं तुम्ही मला विचाराल. उद्या दुपारी पांढरं धोतर आणि काळं घोंगडं शेजारी-शेजारी उन्हात टाका आणि दोन्हींवर अनवाणी उभे राहा. पाय सांगेल! पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, त्याच्यावर काजळी बसली की तोच ऊन पिऊन घेतो. आणि ही झाली दिसणारी काजळी. धुरात एक न दिसणारंही असतं. ते खाली बसतच नाही. ते वर राहतं आणि सगळ्या पृथ्वीवर गोधडीसारखं पांघरलं जातं, वर्षानुवर्षं, एकावर एक. आतला उबारा बाहेर जात नाही. तापलेल्या लेकरावर आपण आणखी गोधड्या टाकतोय, मंडळी, आणि वर म्हणतोय, याचं अंग का भाजतंय!

आणि पाऊस? करंजओढ्यातही त्या साली ढग आले, गडगडले आणि गेले. हिंदुराव आभाळाला शिव्या देतोय. अहो, ढगाचं काय होतं? ढगात पाणी आहे तेवढंच, पण धुराचे कण आत शिरले बेसुमार. प्रत्येक कण म्हणाला, माझी वाटणी द्या! पाण्याच्या एवढ्या वाटण्या झाल्या, की एकाही थेंबाला खाली पडण्याइतकं वजन उरलं नाही. तुमच्या वडिलांच्या शिवाराचं झालं ना, तेच ढगाचं! प्रत्येकाच्या वाट्याला एवढासा तुकडा, आणि नांगर फिरवायला जागा नाही.

असो. हंगाम संपला आणि हिंदुराव लेकीकडं निघाला. पोचला. बघतो तर डोंगर खरंच मळलेला. बर्फावर काळ्या शिरा. आणि त्याच्या पोटाशी ते तळं. त्याला बांध कसला? दगडगोट्यांचा आणि विरघळत्या बर्फाचा. खाली नदी, नदीकाठी बाजार, बाजारात अधिकरावाचं दुकान, दुकानामागं शालनची चूल. एका रेषेत!

अधिकराव मोठा सावध माणूस. त्यानं काय केलं होतं? वरचा काळा बर्फ डबा भरून आणला होता. गलाईवालाच तो! वितळवला, गाळला, सोनाराची झाडलोट धुतात तसा धुतला. तळाला उरली चमचाभर काजळी. ती त्यानं बशीत घेऊन सासऱ्यापुढं ठेवली.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्यासारखी जीभ हिंदुस्थानात न्हाई. चव बघून सांगा, ही कुठनं आलीय. इथल्याच बसगाड्यांची आन् चुलींची आसंल, तर फिकीर न्हाई. इथलं हाय, ते इथल्या लोकांस्नी सांगून थांबवता येतंय. पर लांबनं येत आसंल, पार आपल्या मुलखातनं, तर मग ही थांबनारी न्हाई. तळं भरतच जानार. मग मी ह्या आठवड्यात दुकान आवरतो आन् आमी दोघं गावाकडं येतो. तुमी म्हनाल तसं."

शालन उंबऱ्यात उभी. पदराला हात पुसतेय. माहेरी जायचं नुसतं नाव निघालं, तर चेहरा बघा तिचा!

हिंदुरावानं बोट बुडवलं. जिभेला लावलं. डोळे मिटले.

पहिल्यांदा आली चुलीच्या लाकडाची चव. मग डिझेलची, घाटातल्या ट्रकांची. मग सपाटीवरच्या शेतात जाळलेल्या पेंढ्याची. मग दगडी कोळशाची, मोठमोठ्या वीजघरांची. मग एक खारट चव आली. ही समुद्रावरच्या जहाजांची! मग अशा देशांची, जिथली माती याच्या पायाला कधी लागली नव्हती. अख्खी पृथ्वी त्या बशीत येऊन बसली होती, मंडळी! कुणीच आपलं धुरांडं बुटकं ठेवलं नव्हतं!

आणि सगळ्यात शेवटी, जिभेच्या मुळाशी, आलं जळकं रबर. आणि रबराच्या मागून... गोड. उतू गेलेल्या रसाची, करपलेल्या गुळाची चव.

ती चव जगात एकाच धुरांड्याची होती.

"काय हो आबा?" शालननं विचारलं. "ह्यात आपलं हाय का काय?"

हसत विचारलं तिनं! थट्टेनं! लेकच ती, बापाच्या अंगावर असलं काही येईल हे तिच्या मनातही नाही.

आता मंडळी, हिंदुरावानं काय करायचं? "हाय" म्हणावं, तर लेक वाचते. पण त्याच तोंडानं सांगावं लागतं, की पोरी, तुझ्या डोक्यावरचं तळं मी भरलंय. फेटा बांधून, शाल पांघरून भरलंय. जावयासमोर! ज्यानं आत्ताच म्हटलं, तुमच्यासारखी जीभ हिंदुस्थानात नाही.

हिंदुरावानं डोळे उघडले. चूळ भरली.

"छ्या!" तो म्हणाला. "आपलं कुठलं? हितल्याच चुलींचं हाय. धुऊन जाईल पावसात."

संपलं.

धुरांडं बांधलं ते पाप नव्हतं, असं मी म्हणत नाही. पण ते गावानं मिळून केलं होतं. हे त्यानं एकट्यानं केलं. मुद्दाम, गोड चव तोंडात असताना.

गावी परतला. पण अन्न गोड लागेना. रोज फोन करायचा. "शालन, जत्रंला ये की गं."

"आबा, लगीनसराई हाय. लोकांचे दागिने भट्टीत हायत. दुकान टाकून कसं यायचं? खास काय कारन हाय का?"

"न्हाई... कारन काय न्हाई. आपलं सहज."

सांगितलं नाही! अजून वेळ होता हो! त्या फोनवर, दुसऱ्या फोनवर, तिसऱ्या फोनवर, दर वेळी वेळ होता! जीभ वळत होती आणि शब्द परत गिळत होती. चव ओळखणारी जीभ, सांगायला मात्र मुकी.

आषाढात वरचा बांध सुटला. भर दुपारी. लोक सांगतात, आवाज आला तेव्हा बाजारातल्या माणसांना वाटलं, डोंगरात सुरुंग लावलाय. पाणी आलं, पण पाण्यासारखं नाही आलं. चिखल, झाडं, दगड, घरांची दारं असं सगळं उभं आलं. अधिकराव वरच्या वाडीला एका सोनाराकडं गेला होता, तो राहिला. शालन घरी होती. चुलीवर भात होता म्हणतात.

ती सापडली नाही.

(थोडं थांबतो, मंडळी. टाळ राहू द्या.)

महिन्याभरानं अधिकराव गावी आला. रिकाम्या हातांनी. सासऱ्यापुढं बसला.   आणि हिंदुराव फुटला. "अधिकराव, ती चव माझी हुती. माझ्या गुऱ्हाळाची. मी वळखली हुती. लाजंनं खोटं बोललो. मला जोड्यानं मारा."

अधिकरावानं मान वर केली नाही. तो काय म्हणाला, ते ऐका. 

तो म्हणाला, "मामा, बशी तुमच्यापुढं ठेवायच्या आदी मी बी चव बघितली हुती. गूळ मला बी लागला हुता. पर दुकान चालत हुतं. गिऱ्हाईक जोडल्यालं हुतं. तुमी न्हाई म्हनावं, म्हनून तर मी तुमास्नी इचारलं."

दोघांनाही ठाऊक होतं! एकानं खोटं सांगितलं आणि दुसऱ्यानं ते हौसेनं घेतलं. आणि मधे उंबऱ्यात उभी राहून जिनं काहीच ठाऊक नसताना विचारलं होतं, ती गेली.

हिंदुराव उठला. हंगाम नव्हता, चुलवण थंड होतं, तरी त्यात पाणी ओतलं.  म्हणाला, "आता ह्यो जाळ पेटायचा न्हाई." आणि तिथंच मातीत बसला.

झालं? आख्यान संपलं? गाव सुधारलं, आनंदी आनंद? तुम्हाला तसंच हवं असतं! नाही हो. हंगाम आला. ऊस फडात उभा. गाव जमलं. सगळ्यांनी हिंदुरावाचं सांत्वन केलं. मनापासून केलं हं, बायकांनी डोळे पुसले. आणि मग सरपंच हलक्या आवाजात म्हणाले, "हिंदुराव, झालं ते लई वाईट. तुमी बसा. तुमी कायबी करू नका. आमी पेटवतो."

आणि पेटवलं! त्याच्या देखत. धूर वर चढला, उत्तरेकडं वळला. कुणीच मान वर करून बघितलं नाही. आणि हिंदुराव बसून होता, तोंड मिटून. कारण उत्तरेला आता त्याचं कुणी नव्हतं. पण कुणाचं तरी होतं ना, मंडळी? कुणाची तरी शालन तिथं चुलीवर भात टाकत होतीच ना?

तुम्ही म्हणाल, महाराज, एका गुऱ्हाळाच्या धुरानं हिमालय वितळतो होय? नाही वितळत. अजिबात नाही! त्या बशीतली प्रत्येक चव हेच म्हणत होती, माझ्या एकट्यानं काय होतंय! चुलीचा धूर म्हणाला, मी केवढासा. ट्रक म्हणाला, वीजघराला विचारा. वीजघर म्हणालं, समुद्रापलीकडं बघा. आणि सगळे मिळून तळ्यात पाणी ओतत राहिले.

आता शेवटचं. नामाचा गजर होणार, पण त्याआधी एक करा. आपापल्या जिभेला विचारा. शेतात पेटवलेलं पाचट, उकिरड्यावर पेटवलेल्या पिशव्या, दोन पावलांवरच्या दुकानाला काढलेली गाडी, माणूस नसलेल्या खोलीत चालू ठेवलेला पंखा — चव ओळखता की नाही? ओळखता! हिंदुरावाइतकीच पक्की ओळखता. बशी तुमच्यापुढं आहे. उंबऱ्यात कुणाची तरी लेक उभी आहे, हसत विचारतेय, "आबा, ह्यात आपलं हाय का?"

द्या उत्तर! मघाशी देवाच्या नावानं केवढ्यानं ओरडलात, तेवढ्याच मोठ्यानं द्या!

...

मी थांबतो. टाळकरी थांबतील. देवही थांबलाय. पण मंडळी, वरचा बांध थांबायला तयार नाही. तेव्हा बोला. कुणी तरी एकानं बोला.